फुफ्फुस मिटलं, नळी घातली; आता ऑपरेशन करायचं का?

ताई, भाऊ तेवीस वर्षांचा, उंच, सडपातळ, तारकर्लीला पर्यटकांना स्कूबाला नेणारा. बसल्या जागी छातीत कळ आली, एक्स-रेत उजवं फुफ्फुस मिटलेलं दिसलं, कोंडलेली हवा काढायला छातीत नळी घातली. आता एक डॉक्टर म्हणतात थांबा, दुसरे म्हणतात ऑपरेशन करून टाका. मी डॉक्टर नाही. पण हे दुखणं मी नळीपासून ऑपरेशनपर्यंत भोगलंय, म्हणून लिहितो.

भावाला दोष देत असाल तर आधी ते थांबवा. अशा अंगकाठीच्या तरुणांत फुफ्फुसाच्या टोकाला पातळ फोड असतात, ते आपसूक फुटतात आणि हवा फुफ्फुस नि छातीच्या भिंतीमध्ये शिरते. सिगारेटने धोका बराच वाढतो, ती मात्र आजच सुटायला हवी. टीबीनेही असं होतं, म्हणून थुंकीची तपासणी आणि सीटी स्कॅन झालंय का ते विचारा.

दम लागत नसेल तर कधी कधी नुसतं लक्ष ठेवतात. कोंडलेली हवा शरीर रोज शेकडा एक-दोन टक्के या गतीने शोषतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या 2020 च्या अभ्यासात तर बऱ्यापैकी मोठं प्रकरणही, रुग्णाला त्रास नसेल तर, असंच सांभाळता येतं असं दिसलं. काही ठिकाणी सुईने हवा ओढून बघतात. तुमच्याकडे नळी घातलीच आहे, तेव्हा तो विषय संपला.

नळीचं दुसरं टोक ज्या पाण्याच्या बाटलीत असतं, ती कायम छातीच्या खाली, उभी. बाटलीत बुडबुडे येत असताना, म्हणजे हवा अजून गळत असताना, नळीला चिमटा लावू देऊ नका. हवा आत कोंडून जीवावर बेतू शकतं. गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात हलवायचं ठरलं तर हे रुग्णवाहिकेतल्या माणसालाही बजावा. नळी दुखते, प्रचंड दुखते. गोळ्या मागून घ्यायला त्याने लाजू नये, कारण दुखतंय म्हणून खोल श्वास टाळला तर फुफ्फुस नीट उघडत नाही.

पहिलीच वेळ, बुडबुडे थांबले, एक्स-रेत फुफ्फुस उघडलं, तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. चार-पाच दिवसांनंतरही हवा गळत असेल, दुसऱ्यांदा झालं किंवा दुसऱ्या बाजूला झालं, तर करतात. दुर्बिणीतून फोड कापतात आणि फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटवतात. नुसत्या नळीनंतर साधारण तिघांतल्या एकाला हे पुन्हा होतं. ऑपरेशननंतर फार थोड्यांना.

पण तुमच्या भावाचा धंदा पाण्याखालचा आहे, आणि माझ्या मते दुसरे डॉक्टर त्यामुळेच ऑपरेशन म्हणत असावेत. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे फुफ्फुसातून हवा गळली, तर वर येताना ती फुगत जाते. एका बाजूचं ऑपरेशन झालं म्हणून स्कूबाची मुभा मिळत नाही; दुसऱ्या बाजूलाही फोड असू शकतात. दोन्ही बाजूंचं ऑपरेशन झाल्यावरसुद्धा डायव्हिंगची जाण असलेल्या डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पाण्याखाली नको. म्हणजे फक्त स्कूबासाठी ऑपरेशन करायचं असेल, तर हा हिशोब आधी मांडा. बोट चालवणं, बुकिंग सांभाळणं त्याला बरं झाल्यावर जमेल. विमान मात्र फुफ्फुस पूर्ण उघडल्याचा एक्स-रे आल्यावर निदान आठवडाभर नको. मुंबईला जायचंच तर रेल्वेने जा.

खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेची मदत करणाऱ्या माणसाला, गाठा. घरी आल्यावर अचानक दम लागला, ओठ निळसर दिसले, तर गावात कुणाला विचारत बसू नका, थेट 108 लावा.