न घेतलेलं लोन सिबिलमधे दिसतंय? आधी हे करा

ताई, तुमचं म्हणणं असं की सिबिलमधे (आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या रिपोर्टमधे) १८ हजारांचं एक लोन दिसतंय जे तुम्ही घेतलंच नाही, आणि काळजी बँकेने, सरकारने घ्यायची, मी एकटी कुठे कुठे लक्ष ठेवू. राग बरोबर आहे. कायदा पण तुमच्याच बाजूने आहे, दुसऱ्याची ओळख चोरून वापरली तर आयटी ॲक्टचं ६६सी कलम, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. पण तो चोर सापडेपर्यंत वसुलीवाल्यांचे फोन तुम्हालाच येणार ना.

मी पण ठेच लागल्यावरच शहाणा झालो. २०२१ ला होम लोनसाठी गेलो तर साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली, कुठल्यातरी ॲपचं ७,४०० रुपयांचं लोन, थकलेलं. मला आधी हसूच आलं. मग अडीच महिने आमची फाईल तिथेच पडून. घरी येऊन बायकोसोबत आठवत बसलो की आधार-पॅन कुणाकुणाला दिलंय: दोन भाड्याच्या घरांचे ब्रोकर (व्हॉट्सॲपवर, अर्थातच), ॲग्रीमेंटला अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आलेला एजंट, सिमवाला, जिम, अलिबागचं लॉज... अकरापर्यंत मोजलं आणि सोडून दिलं.

आणि झेरॉक्सवाला राहिलाच! स्टेशनबाहेरचं दुकान बघा एकदा उभं राहून. माणूस ई-आधारची पीडीएफ दुकानाच्या नंबरवर पाठवतो, दुकानदार विचारतो पासवर्ड?, हा मोठ्याने सांगतो नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटल आणि पुढे जन्मसाल, मागची अख्खी रांग ऐकते. प्रिंट निघते, फाईल तिथेच राहते. मला एकदा हिशोब करून दिला तो कागद उलटून बघितला तर मागे कुणाचं तरी पॅन, फोटोसकट. दुकानदाराच्या मनात काही नसेलही, पण कागद तर तिथे पडलेलाच असतो.

आता तुमचं. पहिलं म्हणजे वसुलीवाला म्हणेल थोडे भरा, सेटल करून टाकतो, तर एक रुपया भरू नका, भरलंत की लोन तुमचंच होतं असं धरतात आणि रिपोर्टवर 'सेटल्ड' चा डाग राहतो तो वेगळाच. लोन देणाऱ्याच्या तक्रार विभागाला मेल टाका, फोनवर बोलून काही होत नाही, तक्रार नंबर हवा. सोबत सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट टाका, म्हणजे ही नोंद माझी नाही अशी तक्रार. ३० दिवसांत निकाल नाही लावला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे, मेलमधे तसं लिहा, भाषा लगेच बदलते त्यांची. सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करून त्याची कॉपी पण जोडा. (खात्यातून पैसे गेले असते तर आधी १९३० या हेल्पलाइनला फोन, तेही ताबडतोब.)

सिबिल एकटंच नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क पण आहेत, प्रत्येकाकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. मी दर तीन महिन्यांनी एकेकाचा काढतो, वर्ष आपोआप कव्हर होतं. तुम्ही आत्ता चारही काढा. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसतं, माझ्या नावावर एक जास्तीचं निघालं होतं.

झेरॉक्स द्यायचीच असेल तर मी पेनाने आडवं लिहितो, फक्त अमुक कामासाठी, तारीख, सही, अक्षरं थोडी छापलेल्या मजकुरावर जातील अशी. लॉज, जिम वगैरेंना मास्क्ड आधार, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. बायोमेट्रिक लॉक करून ठेवलंय, मात्र आईचं लॉक केलं आणि तिला सांगायचं विसरलो, रेशनच्या दुकानात अंगठाच लागेना, रांगेतून तिचा जो फोन आला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

रिपोर्टमधे ते लोन उघडल्याची तारीख असेल ती बघा, आणि त्याच्या आधीच्या महिनाभरात कागद कुणाला दिले होते ते आठवा. माझं लोन नवीन घराचं ॲग्रीमेंट झाल्यावर बरोबर तीन आठवड्यांनी उघडलेलं होतं.