फोटोवर न्यूरल नेटवर्क चालवलं की सगळीकडे कुत्रेच काहून उगवतात?

तुमचा प्रश्न असा की नागपुरातल्या बर्डीच्या मेन रोडचा संध्याकाळचा फोटो डीपड्रीममध्ये, म्हणजे फोटोत नेटवर्कला जे दिसते तेच फुगवून दाखवणाऱ्या गूगलच्या प्रोग्राममध्ये, टाकला आणि पाट्या, ऑटो, माणसं सगळं जाऊन जिथं तिथं कुत्र्यांची थोबाडं नि डोळे उगवले, तर सेटिंगमध्ये काही चुकलं का. नाही हो, काही चुकलं नाही, पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होते. मी पहिला फोटो टाकला होता आमच्या घरच्या तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाचा, झूल, शिंगांना बेगड, चाकं, सगळं एकदम चकाचक, आणि बाहेर काय आलं तर बैलाच्या पोटात तीन कुत्रे, शिंगावर एक पक्षी, चाकांचे डोळे. आजीनं पाहिलं आणि म्हणाली, हे काय भूतं बनवून राहिला रे.

न्यूरल नेटवर्क म्हणजे ढीगभर फोटो पाहून वस्तू ओळखायला शिकलेला प्रोग्राम, आणि कुत्रे येतात त्याचं कारण त्याच्या शाळेत आहे. डीपड्रीमचा मूळ कोड ज्या गूगलनेट नावाच्या नेटवर्कवर चालायचा ते इमेजनेट नावाच्या फोटो ओळखायच्या स्पर्धेच्या साधारण १२ लाख फोटोंवर शिकलेलं, त्यात १००० प्रकार ओळखायचे होते आणि त्यातले १२० च्या आसपास निव्वळ कुत्र्यांच्या जाती. लॅब्राडोर वेगळा, पग वेगळा, पूडलचेच तीन साइज. आता एखाद्या पोट्ट्याला जन्मापासून दर आठ-नऊ वस्तूंमागे एक कुत्रा दाखवला तर त्याला बर्डीत दुसरं काय दिसणार? गंमत म्हणजे आपला गावठी कुत्रा त्या यादीत नाहीच, पण ताडोबातला रानकुत्रा आहे, अस्वल आहे, वाघ तर आहेच.

आत काय चालते ते एकदा समजलं की सेटिंगांची भीती जाते, म्हणून थोडं सांगतो. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, त्या डागात लहानपणी आपल्याला वाघ दिसायचा, आणि मग आपण पेन्सिल घेऊन त्याला हळूच एक कान काढायचो, कान काढला की तो अजून वाघासारखा दिसायचा, मग शेपूट, मग मिशा, आणि मग आईचा मार. हे अगदी तेच आहे. नेटवर्क शिकत असताना फोटो तसाच राहतो आणि नेटवर्कच्या आतले आकडे बदलत जातात, इथं उलटं, आतले आकडे गोठवून टाकायचे आणि फोटोचे पिक्सेल बदलायचे. नेटवर्क थरांचं बनलेलं असते, त्यातला एक थर, म्हणजे लेयर, निवडायचा, फोटो आत सोडायचा, त्या लेयरला जे काही थोडंफार ओळखीचं वाटलं ते अजून जोरात वाटावं म्हणून कोणता पिक्सेल किती हलवायचा ते उलट दिशेनं मोजत यायचं आणि तेवढा हलवायचा, मग परत तेच, परत तेच. याला ग्रेडियंट असेंट म्हणतात. कुत्रा काढ असं त्याला कोणी सांगत नाही, तुला जे दिसून राहिलं तेच वाढव एवढंच सांगतो आपण.

हे सगळं २०१५ च्या जूनमध्ये गूगलच्या मॉर्डविन्त्सेव, ओला आणि टायका या तिघांनी दाखवलं, जुलैत कोड खुला केला आणि त्यानंतर काही महिने इंटरनेटवर नुसते डोळेच डोळे होते. चित्रं काढायला म्हणून हे निघालंच नव्हतं, नेटवर्क नेमकं काय शिकलं ते पाहायचं होतं. त्यांनी त्याला डंबेल काढायला लावलं तर प्रत्येक डंबेलला माणसाचा हात चिकटलेला आला, कारण नुसतं डंबेल त्यानं फारसं पाहिलंच नव्हतं, उचलणारा हात सोबत असायचाच. मला विचाराल तर हे एक उदाहरण त्या हजार कुत्र्यांपेक्षा भारी आहे.

आता तुमच्या कामाचं. सगळ्यात मोठा फरक लेयरनं पडतो. खालचे लेयर फक्त रेषा, कडा, भोवरे ओळखतात, म्हणून तिथं फोटोवर ब्रशचे फटकारे किंवा कशिदा केल्यासारखं दिसते. मधल्यांत डोळे, केस, पिसं, चाकं येतात आणि वरच्यांत अख्खे प्राणी. जुन्या कोडमध्ये आधीपासून जो लेयर लावलेला असायचा तो इन्सेप्शन ४सी, म्हणजे बरोब्बर कुत्र्यांच्या मोहल्ल्यात. आजकाल सोपं म्हणजे कोलॅब, म्हणजे ब्राउझरमध्येच कोड चालवायची गूगलची सोय, उघडा आणि टेन्सरफ्लो या गूगलच्याच लायब्ररीचं डीपड्रीमवालं ट्युटोरियल चालवा, त्यात इन्सेप्शन व्ही३ नावाचं नेटवर्क आहे, लेयरची नावं मिक्स्ड० पासून मिक्स्ड१० पर्यंत, ट्युटोरियलमध्ये ३ आणि ५ घेतलेत. तुम्ही आधी नुसता १ किंवा २ घेऊन पाहा, एकही कुत्रा न येता फोटो विणल्यासारखा होते, मला स्वतःला हेच जास्त आवडते.

दुसरी गोष्ट ऑक्टेव्ह, म्हणजे फोटोच्या साइजच्या पायऱ्या. नुसत्या मूळ साइजवर चालवलं तर सगळे आकार एकाच मापाचे येतात, पुरळ आल्यासारखे. म्हणून फोटो आधी लहान करायचा, त्यावर थोड्या फेऱ्या मारायच्या, मग १.४ पट मोठा करायचा, लहान करताना हरवलेला बारकावा परत टाकायचा, आणि पुन्हा फेऱ्या. मूळ कोडमध्ये असे ४ ऑक्टेव्ह आणि प्रत्येकात १० फेऱ्या आहेत, म्हणजे १००० पिक्सेलचा फोटो साधारण ३६४ पासून सुरू होऊन ५१०, ७१४ असा १००० वर येते. यानं मोठ्या आकाराच्या पोटात मधला, त्याच्या पोटात बारका, असं होते. फेऱ्या मात्र वाढवत बसू नका, सगळ्यांना वाटते की जास्त म्हणजे भारी, पण मूळ फोटोच ओळखू आला नाही तर मग स्वप्न पडलं कोणाला?

फोटो कोणता घ्यायचा यावर कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते अर्धं काम तिथंच होते. दाणेदार, गुंतागुंतीचं काहीतरी पाहिजे. तर्री पोह्याच्या प्लेटचा जवळून काढलेला फोटो टाकून पाहा, पोह्याच्या एकेका दाण्याचा किडा होते, हरभऱ्याचे डोळे, आणि तर्रीच्या तेलात काय काय पोहते ते मी इथं लिहीत नाही, तुमचा नाश्ता व्हायचा असेल. झाडाच्या पानांत पक्षी नि किडे येतात, क्षितिजाची रेघ असली की तिच्यावर मनोरे आणि पॅगोडे उभे राहतात, फुटाळा तलावाच्या काठावरून काढलेल्या माझ्या एका फोटोत पलीकडे अख्खं परदेशी शहर उभं झालं होतं. सपाट भिंत किंवा कोरं आभाळ घेतलं तर पकडायला काही नसते, मग ते उगाच कसलेतरी सुरकुतलेले आकार काढते.

एक प्रयोग मात्र सपशेल फसला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा, म्हणजे नागपुरात मिरवणूक काढून जाळतात त्या बाईच्या पुतळ्याचा, मोठा फोटो काढला होता, बटबटीत डोळे, मागं बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे, खाली ईडा पीडा घेऊन जा गे मारबत म्हणून ओरडणारी गर्दी, मला वाटलं आता तर कमाल होईल. झालं काय तर चेहऱ्यावर झुपकेदार केस आले, नाकाच्या जागी पामेरियनचं नाक, आणि ती एवढी जबरदस्त बाई एकदम लाडकी दिसायला लागली. जे आधीच विचित्र आहे त्याला हे मशीन घरगुती करून टाकते, हे मला त्या दिवशी कळलं.

तसंच नातेवाइकांच्या चेहऱ्यावर हे करू नका. मी चुलतभावाच्या लग्नातला ग्रुप फोटो करून फॅमिली ग्रुपवर टाकला, आत्याच्या गालावर स्पॅनियल बसला होता, आणि पुढच्या मंगळागौरीपर्यंत आत्या माझ्याशी धड बोलली नाही.

मी हे सुरू केलं तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, जीपीयू, म्हणजे असली गणितं झपाट्यानं करणारी चिप, कुठला, चार जीबी रॅमचा लॅपटॉप, मे महिना, बाहेर ४५ डिग्री, लॅपटॉप कूलरच्या तोंडासमोर स्टुलावर ठेवलेला आणि कूलरचं पाणी मी भरत होतो ते माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी. एक फोटो व्हायला जेवण होऊन झोप व्हायची. झूमवाला व्हिडिओ तर विचारूच नका, त्यात प्रत्येक फ्रेम थोडी मोठी करून परत आत टाकायची असते, १०० फ्रेमला दोन रात्री गेल्या आणि दुसऱ्या रात्री लाइट गेली. आता कोलॅबवर फुकटच्या जीपीयूवर मिनिटभराचं काम आहे, तुमची पिढी नशीबवान.

कुत्र्यांपासून खरंच सुटका पाहिजे असेल तर दोन रस्ते. एक, नेटवर्कच बदला. एमआयटीचा प्लेसेस नावाचा डेटा आहे, त्यात वस्तू नाहीत, जागा आहेत, २०५ प्रकारच्या, त्यावर शिकलेलं तेच गूगलनेट घेतलं की कुत्रे गायब आणि सगळीकडे कमानी, खिडक्या, घुमट. दोन, नेटवर्क जुनंच ठेवा, पण अख्खा लेयर न वाढवता इमेजनेटच्या यादीतला एकच प्रकार वाढवायला सांगा. त्या हजारांत मी आपल्याकडचं काय आहे ते शोधत बसलो तर बैल सापडला, संत्रं सापडलं, आणि चक्क स्तूप सापडला. मग दीक्षाभूमीचा लांबून काढलेला फोटो घेतला आणि फक्त स्तूप वाढवला, तर मोठ्या घुमटाच्या कडेला छोटे घुमट, त्यांना अजून छोटे, आणि मागच्या झाडांच्या शेंड्यांनाही कळस आले. यात एकही कुत्रा नाही. माझ्या भिंतीवर प्रिंट काढून लावलेलं हे एकच चित्र आहे, आणि आजीनं त्याला मात्र भूत म्हटलं नाही.

तुमच्या बर्डीच्या फोटोसाठी सांगायचं तर खालची गर्दी कापून टाका, माणसांचे चेहरे असले की ते तिथंच अडकून बसते. वरच्या तारा, पाट्या आणि लाइटिंग एवढंच ठेवा, मिक्स्ड२ घ्या, ऑक्टेव्ह ४, फेऱ्या १० च्या वर नको, आणि प्रत्येक ऑक्टेव्हनंतरचा फोटो सेव्ह करत जा, कारण बऱ्याचदा तिसराच शेवटच्यापेक्षा चांगला निघते.