ऑफ तासाच्या बाई

प्रश्न : मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर मराठवाड्यात, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. आंतरवासितेला (शाळेत राहून शिकवायच्या सरावाला) हडपसरच्या पुढची शाळा मिळाली आहे, सकाळच्या सत्राची. माझी पद्धती, म्हणजे शिकवायचा विषय, भूगोल. पण मला पाठवतात ते ऑफ तासांवर, म्हणजे शिक्षक गैरहजर असलेल्या वर्गांवर, आज पाचवीत गणित, उद्या आठवीत चित्रकला. उरलेला वेळ चाचणीचे पेपर तपासण्यात जातो. मार्गदर्शक बाई स्वभावाने चांगल्या आहेत, पण पाठाच्या टाचणवहीवर न वाचताच सही करतात. कॉलेजच्या मॅडम एकदा येऊन दहा मिनिटं मागे बसल्या आणि ‘छान, फलकलेखन सुधारा’ म्हणून गेल्या. संध्याकाळी एका क्लासमध्ये शिकवते, रात्री टाचणं काढते, टेटचा, म्हणजे शिक्षक भरतीच्या अभियोग्यता चाचणीचा, अभ्यास तसाच पडलाय. सोडून द्यावंसं वाटतं. कुणाला सांगितलं तर गुण जातील का?

उत्तर : सोडू नकोस. गुणांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, कारण बहुतेक ठिकाणी शाळेचा शेरा बघूनच गुण पडतात. म्हणून तक्रार करायला जाऊच नकोस, मागणी घेऊन जा.

आधी तुझ्या बाजूने काय आहे ते बघ. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचं झालं. तिच्यात प्रत्यक्ष क्षेत्रात काढायचे २० आठवडे आहेत, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी शाळेत. सुरुवातीचा आठवडा नेहमीच्या शिक्षकाच्या वर्गात बसून नुसतं बघायचा. पुढे तुझे पाठ शाळेतल्या शिक्षकांनी, कॉलेजच्या प्राध्यापकांनी आणि बरोबरच्या छात्राध्यापकांनी बघायचे. हे सगळं लिहिलेलं आहे. तू कुणाची मेहेरबानी मागत नाहीयेस.

शाळेचीही बाजू ऐक. एक शिक्षक निवडणुकीच्या कामाला, एक प्रशिक्षणाला, एक बाई बाळंतपणाच्या रजेवर, आणि वेळापत्रक लावणाऱ्या सरांपुढे इस्त्रीच्या साड्यांतल्या चार मुली उभ्या. ते तुम्हालाच पाठवणार! मीही पाठवलं असतं. ऑफ तास बंद होणार नाहीत, कमी मात्र होतील.

त्यासाठी एक पान लिही. गेल्या दोन आठवड्यांत कोणत्या तारखेला कोणता तास, कोणता वर्ग, कोणता विषय, एवढंच. ‘अन्याय’, ‘मनस्ताप’ असले शब्द नकोत. खाली दोन ओळी : नववीचे भूगोलाचे तास मला मिळावेत, आणि आठवड्यातला एक तरी पाठ कुणीतरी पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत बघावा. हे पान कॉलेजच्या मॅडमना समक्ष दे. मुख्याध्यापकांशी बोलणं हे त्यांचं काम, तुझं नाही. त्या शाळेत तुला कॉलेजनेच धाडलंय. मॅडमच्या वाट्याला हडपसरपासून वारजेपर्यंत शाळा असतात, हे मला ठाऊक आहे. तरी काम त्यांचंच.

आता ते ‘छान’. त्याने तुला काडीचाही उपयोग नाही. तुझ्याच शाळेत तुझी एखादी वर्गमैत्रीण असेल, तिला शेवटच्या बाकावर बसव. तिच्या हातात बाकांचा साधा नकाशा दे. तू ज्या मुलाशी बोलशील त्याच्या बाकावर तिने टिंब द्यायचं. समज, तू समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, शिकवतेस. विचारलंस, ‘इथे रेषा दाटीने आल्यात, मग उतार कसा?’ खिडकीजवळची मुलगी ‘तीव्र’ म्हणाली, तू ‘बरोब्बर’ म्हणून पुढे गेलीस. तासानंतर बघ, टिंबं सगळी खिडकीकडे असतील आणि भिंतीकडची रांग कोरी. दुसऱ्या दिवशी त्या रांगेला विचार : आतकरवाडीकडून सिंहगड चढताना दम कुठे लागला? नकाशावर तिथे रेषा कशा असतील?

आणि विचारल्यावर थांब. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिलं, की प्रश्न विचारून शिक्षक साधारण सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. मैत्रिणीला हेही मोजायला सांग. फळ्यापाशी उभं राहून तीन सेकंद फार लांब वाटतात, पण वर्ग तेवढ्यात कोसळत नाही.

हा टिंबांचा कागद मार्गदर्शक बाईंना दाखव. टाचण न वाचणाऱ्या बाईसुद्धा तो वाचतील, कारण त्यात त्यांची मुलं आहेत. तिथून बोलणं सुरू होतं.

क्लासची नोकरी पैशांसाठी असेल, तर सोड म्हणणार नाही. टेट मात्र सध्या बाजूला ठेव. २०१७ नंतर ती थेट २०२३ मध्ये झाली होती. तिच्या नादात हातातले आठवडे घालवू नकोस. आणि डब्याच्या मावशींकडून रात्री दोन पोळ्या जास्तीच्या घे. पहाटे उपाशीपोटी बस पकडून पहिल्या तासाला आवाज निघत नाही.

प्रश्न : मी कोथरूडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. छात्राध्यापकांना तास दिले की पोर्शन मागे पडतो आणि सगळं पुन्हा शिकवावं लागतं. काय करावं?

उत्तर : सर, दहावी देऊ नका, आठवी द्या. पहिले काही तास अर्धे तुम्ही घ्या, अर्धे त्यांना घेऊ द्या, आणि त्या वेळात वर्गातच बसा. पुन्हा शिकवायची वेळ येते ती बहुधा आपण स्टाफरूममध्ये चहा पीत बसलेले असतो म्हणून. तास संपल्यावर व्हरांड्यातच सांगा, काय जमलं आणि उद्या कोणती एक गोष्ट बदलायची. एकच. आठ सांगितल्या तर दुसऱ्या दिवशी तो मुलगा फळ्याकडे तोंड करूनच शिकवेल. शिवाय त्यांना डबा खायला स्टाफरूममध्ये जागा द्या, जिन्यात बसवू नका. खुर्च्या कमी असतील तर प्रयोगशाळेतली स्टुलं शिपाईमामांकडून मागवून घ्या.