तिसरी चाचणी कशाला?

ताई, तुमचा मुलगा सहावीत. बुद्ध्यांक चाचणी दोनदा झाली: आधी ११८, मग १२४. 'गिफ्टेड' म्हणायला १३० लागतात, म्हणून तिसऱ्यांदा पुण्याला नेऊ का, असं विचारता. नेऊ नका. तीच चाचणी पुन्हा दिली की नुसत्या सरावानेही गुण वाढतात. मला काळजी वेगळीच वाटते. पहाटे जेईईचा फाउंडेशन क्लास, संध्याकाळी अबॅकस, रविवारी ऑलिम्पियाड, आणि 'हल्ली नखं खातो' हे तुम्ही कंसात लिहिलंय. कंसात! फाउंडेशन आणि अबॅकस या महिन्यातच बंद करा. जेईई कुठे पळून जात नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. सोसायटीच्या वॉचमनची मुलगी सुरगाण्याहून, नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी भागातून आलेली, मनपा शाळेत सातवीत. मराठी वाचताना अडखळते, वर्गात गप्प बसते, पण तुमच्या मुलाच्या पुस्तकातली आकृत्यांची कोडी त्याच्याआधी सोडवते. आणि तुम्ही विचारता, 'तिच्या नादाने त्याचा वेळ जातो का?' अहो, शोधायला निघालात ते मूल तुमच्या जिन्यात बसलंय.

कमी मार्क म्हणजे कमी डोकं, हा समज शिक्षकांतही आहे. घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलीला लेखी पेपर आधी भाषा विचारतो, गणित नंतर. निर्वासित मुलांचंही तेच होतं. नव्या भाषेत चाचपडणाऱ्याला सरळ 'ढ'च्या रांगेत बसवतात. म्हणून अशा मुलांसाठी रेव्हनसारख्या, फक्त आकृत्यांच्या चाचण्या वापरतात. त्याहून सोपं म्हणजे गणित तोंडी वाचून दाखवा आणि 'कसं केलंस?' विचारा. बोलीत सांगितलं तरी चालेल. तिच्या बाईंनाही हे सांगा.

पुढच्या वर्षी तिला आठवीची एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा, द्यायला लावा. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. मनपा शाळा चालते, कौटुंबिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. सातवीत ५५ टक्के लागतात, अनुसूचित जमातीला ५ टक्के सवलत. म्हणजे यंदा मराठीकडे लक्ष हवंच. तुमच्या मुलाला सांगा, रोज एक पान तिच्याकडून मोठ्याने वाचून घे. त्यालाही अबॅकसपेक्षा बरं वाटेल. उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यासाठी वडिलांना आत्ताच धावपळ करायला सांगा. आणि भातलावणीला सगळे गावी जाणार असतील, तर निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्यायला विसरू नका; ते दाखवून तिला तिथल्या शाळेत बसता येतं.