नर्सच्या नेमक्या कोणत्या कामामुळे बाळंतीण आणि बाळ वाचतात?

मी सगळ्यात वर 'कांगारू मदर केअर' ठेवेन. कमी वजनाचं बाळ फक्त लंगोट-टोपीत आईच्या उघड्या छातीशी उभं धरायचं आणि वरून कापडाने बांधायचं. 1970 च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर अपुरे पडत होते, तेव्हा हे सुरू झालं. बाळाची ऊब टिकते, ते अंगावर जास्त पितं. भारतासह पाच देशांत झालेल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळ स्थिर होण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच हे केलं, तर मृत्यू सुमारे 25 टक्क्यांनी घटले.

पण बाळंतिणीचे टाके दुखत असतात, सासूबाई म्हणतात "उघडं ठेवू नकोस, गारठेल". तिथे शेजारी बसून बाळ बांधून देणारी, "आजी, तुम्हीही छातीशी घ्या" असं समजावणारी सिस्टरच लागते. भिंतीवरच्या पोस्टरने ते होत नाही.

बाळ जन्मताच आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन (अतिरक्तस्राव टळतो) आणि पहिल्या तासात स्तनपान, हेही तितकंच मोलाचं.

घरी गेल्यावर काय? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. 1999 च्या अहवालानुसार नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी झाला. आता आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर 42 दिवसांत सहा वेळा घरी येतात. त्यांना दारातून परत पाठवू नका. बाळ पीत नसेल, गार पडलं असेल किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.