फलन झालं की माणूस झाला का?

तुला कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत ‘फलनाच्या क्षणीच माणूस सुरू होतो’ ही बाजू मांडायची आहे, आणि त्यासाठी जीवशास्त्रातले ठोस मुद्दे हवे आहेत. मुद्दे देते, पण तुझ्या बाजूचे फारसे मिळणार नाहीत. बेळगाव तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी 26 वर्षं जीवशास्त्र शिकवलं. त्यातला हा एक धडा मला स्वतःच्या अंगावर शिकावा लागला, म्हणून गप्प बसवेना.

आधी एक सांगते, ‘क्षण’ म्हणावा असं तिथं काही नसतं. शुक्राणू आत शिरतो तेव्हा अंडपेशीचं स्वतःचं शेवटचं विभाजन अजून अर्धवट असतं, ते त्यानंतर पुरं होतं. मग आईची 23 आणि बापाची 23 गुणसूत्रं दोन वेगळ्या केंद्रकांत शेजारी शेजारी राहतात. माणसात दोघांचं मिळून एक केंद्रक त्या पहिल्या पेशीत होतच नाही. आवरणं विरघळतात, पेशी दुभंगते आणि दोन पेशी झाल्यावर कुठं आईबापाची गुणसूत्रं एका आवरणात येतात. यात जवळजवळ एक दिवस जातो. पुढचे दोन-तीन दिवस गर्भ अंडपेशीतल्या शिदोरीवर चालतो. त्याची स्वतःची जनुकं चार ते आठ पेशी झाल्यावर जोमानं कामाला लागतात. साधारण दोन आठवड्यांपर्यंत त्याच एका गर्भाची जुळी होऊ शकतात. एक की दोन हेच जिथं ठरलेलं नाही, तिथं ‘एक माणूस’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. 1984 मध्ये ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीनं प्रयोगशाळेतल्या गर्भावरच्या संशोधनाला 14 दिवसांची मर्यादा सुचवली, त्यामागं हाही विचार होता.

आता माझं. 1998 साल. लग्नाला दीड वर्ष झालेलं. सासर उचगावच्या पुढं, चंदगडच्या हद्दीला लागून. घरची रताळ्याची शेती. मला दिवस गेले. आमच्याकडं बाई ‘दोन जिवांची’ झाली म्हणतात आणि तसंच वागवतात. मला विहिरीवर जाऊ देत नव्हते, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू देत नव्हते. उलट्या इतक्या की पाणी ठरत नव्हतं. तिसरा महिना सरत आला आणि पोट पाचव्या महिन्याएवढं दिसायला लागलं. सासूबाई खूश. “जुळं हाय बघ,” म्हणून त्या शेजारणींना सांगून आल्या होत्या.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते, शेतात रताळी काढायची घाई चाललेली. पहाटे अंगावर जायला लागलं. रताळ्यांची पोती भरून बेळगावला निघालेल्या टेंपोत पुढं बसवून मला दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीच्या पडद्यावर नुसते पांढरे ठिपके, बर्फ पडत असल्यासारखे. हात नाही, डोकं नाही, ठोका नाही. नर्स कन्नड बोलणारी होती. ती दुसरीला म्हणाली, “द्राक्षी गोंचल इद्दंग ऐति.” द्राक्षांच्या घडासारखं आहे. मला कन्नड येत होतं, मी ऐकलं. सासूबाईंना बाजारापुरतं येत होतं, त्यांना ‘द्राक्षी’ एवढंच कळलं. त्या बाहेर जाऊन माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, “द्राक्षं खायाला सांगाल्यात, बगून आण जा.”

नोव्हेंबरात बेळगावात द्राक्षं कुठली? हे खडेबाजार, गणपत गल्ली पालथी घालून आले आणि पावशेर बेदाणे घेऊन आले, कागदात बांधून. मला तोवर आत नेलं होतं. ती पुडी पिशवीत तशीच घरी आली. कुणी सोडली नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला मराठीत समजावलं. द्राक्षगर्भ. वार (प्लॅसेंटा) वेड्यासारखी वाढते, तिचे फुगे होतात, बाळ होतच नाही. “तुझं बाळ गेलं नाही गं, ते झालंच नव्हतं,” असं त्या म्हणाल्या. त्यांनी चांगल्या मनानं सांगितलं, पण त्या वाक्यानं मला कित्येक महिने झोप लागली नाही. मग अडीच महिने मी कुणाशी बोलत होते?

घरी आल्यावर पाचव्या दिवशी सासऱ्यांच्या बहिणीनं, आत्याबाईंनी, भरल्या घरात निकाल दिला. “जिमीनच खराब आसली तर चांगलं बी तरी काय करंल?” कुणी त्यांना अडवलं नाही. माझा भाऊ, इंजिनिअर झालेला, बघायला आला आणि म्हणाला, “ताई, तो पेशींचा गोळा होता, त्याला काय एवढं धरून बसायचं?” दोघांचंही मला लागलं. आत्याबाईंचं जास्त, कारण ते मीही खरं मानलं होतं. बीएस्सी, बीएड झालेली बाई, आणि मी वर्षभर स्वतःला नापीक जमीन समजत होते.

खरं काय ते मला पुढं पुस्तकांत सापडलं. पूर्ण द्राक्षगर्भात अंडपेशीतलं केंद्रक गायब असतं. आईची 23 गुणसूत्रं तिथं नसतातच. बहुतेक वेळा एकच शुक्राणू आत शिरतो आणि त्याचीच 23 गुणसूत्रं दुप्पट होऊन 46 होतात. काजी आणि ओहामा या जपानी संशोधकांनी हे 1977 साली दाखवून दिलं होतं, म्हणजे आत्याबाई बोलल्या त्याच्या एकवीस वर्षं आधी. मोजायला गेलं तर आकडा बरोबर 46, माणसाचाच. शुक्राणू शिरलाय, पेशी वाढताहेत, चाचणी ठळक येते. आणि त्यात माणूस नाही, कारण त्यात आई नाही.

1984 साली केंब्रिजमध्ये अझीम सुरानी आणि अमेरिकेत मॅकग्राथ व सोल्टर यांनी उंदरांवर हेच पाहिलं. दोन्ही वाटे बापाचे असले तर वारेचं ऊतक वाढतं, पिलू जवळजवळ होतच नाही. दोन्ही वाटे आईचे असले तर पिलू काही दिवस बरं वाढतं, वार धड होत नाही. दोन्ही मरतात. काही जनुकांवर आईचा आणि काहींवर बापाचा ठसा असतो आणि एकाचा ठसा दुसऱ्याचं काम करत नाही. आमच्या शेतात रताळ्याचा वेल तोडून सरीत खोचला की नवा वेल उभा राहतो, त्याला आईबाप दोन लागत नाहीत. सस्तन प्राण्यांना ही सोय नाही.

‘बाप बी, आई जमीन’ ही समजूत आमच्या गावची एकट्याची नाही. 1694 मध्ये हार्टसुकर या डच शास्त्रज्ञानं शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला छोटा माणूस चितारला होता. सस्तन प्राण्याची अंडपेशी फॉन बेअर या शास्त्रज्ञाला 1827 मध्ये दिसली, तोवर बाईच्या वाट्याचं बी कुणी पाहिलंच नव्हतं. नुसत्या बापाच्या बीवर माणूस झाला असता तर माझ्या पोटात 1998 साली तो व्हायला हवा होता. जमीन तीच होती. 2001 मध्ये त्याच जमिनीत माझी मुलगी वाढली.

हे मी एका दिवाळीला आत्याबाईंना सांगायला गेले. वहीवर आकृती काढून. त्यांनी वही मिटली आणि “पुस्तकातलं पुस्तकात,” म्हणाल्या. आता त्या नाहीत. तुझा प्रश्न वाचला आणि ती वही आठवली.

भावाचंही मला पटत नाही. त्या गोळ्यात माणूस नव्हता हे मी शिक्षिका म्हणून मान्य करते. पण दोन जिवांची म्हणून मला ज्यांनी जपलं, त्यांनी आणि मी एका माणसाची जागा केली होती, आणि ती रिकामी राहिली. रडायला गुणसूत्रांचा दाखला लागत नाही. ‘मानवी’ आणि ‘माणूस’ हे दोन शब्द मराठीनं वेगळे ठेवलेत, ते तूही वेगळे ठेव. फलित पेशी मानवी असते यात वाद नाही. माणूस हा पुढं घडत जातो, आईच्या रक्तावर, आठवड्या-आठवड्यानं. आपल्या जुन्या शास्त्रांनीही चौथ्या महिन्यापर्यंत स्राव आणि पाचव्या-सहाव्यात पात असे वेगळे शब्द केले, आणि आपला गर्भपाताचा कायदासुद्धा 20 आणि 24 आठवडे अशा पायऱ्यांनीच चालतो.

तुझ्या बाजूनं एक उत्तर आहे, ते लपवत नाही. तू म्हणू शकतोस की द्राक्षगर्भात खरं फलन झालंच नाही, आईचा वाटा नव्हता, म्हणून ते उदाहरण लागू नाही. आणि प्रत्येक जिवंत माणसाचा माग अखंड त्या एका पेशीपर्यंतच जातो. दुसरा भाग अगदी खरा आहे. पहिला मानलास तर मात्र शुक्राणू शिरण्याचा क्षण तुला सोडावा लागेल.

आणखी दोन गोष्टी. मी वर जे लिहिलं त्यावरून कुणी नवऱ्याला दोष देऊ नये. केंद्रक हरवलं ते अंडपेशीतून, दुप्पट झालं ते शुक्राणूचं, यात कुणाच्या वागण्याचा संबंध नाही. अपूर्ण द्राक्षगर्भाची गोष्ट वेगळी असते, त्यात आईची गुणसूत्रं असतात आणि सहसा दोन शुक्राणूंची मिळून एकूण 69 होतात.

आणि हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी हे झालं असेल तर गर्भपिशवी साफ केली म्हणजे संपलं असं समजू नका. राहिलेल्या पेशी पुन्हा वाढू शकतात, क्वचित त्याचा कॅन्सर होतो, आणि वेळेत कळला तर तो जवळजवळ नेहमी बरा होतो. मी वर्षभर रक्त तपासायला बेळगावला जात होते, आधी दर आठवड्याला, मग महिन्याला, बहुतेकदा त्याच रताळ्याच्या टेंपोतून. सासूबाई दर खेपेला सोबत यायच्या आणि दवाखान्याच्या दारात कुणी नर्स दिसली की मला विचारायच्या, “काय म्हणाली ती? समदं सांग.”