‘खि्रस्त’ असं का उमटतं? आणि वाचकांचे इतर प्रश्न

(या सदरातली उत्तरं मी मिरजेतून देतो. पोटापाण्यासाठी पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर घरून लिहितो आणि रविवारी उपासनेत पडद्यावर गायनाच्या ओळी सरकवायचं काम माझ्याकडे असतं. या वेळी चारही पत्रं या ना त्या वाटेने संगणक-मोबाईलकडेच वळली, म्हणून एकत्र घेतली.)

प्रश्न : तुम्ही ख्रिस्ती, त्यात सॉफ्टवेअरवाले. दिवसभर नेटवर असता म्हणे. मग बघता तरी काय? नुसती प्रवचनं?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : प्रवचन रविवारी ऐकतो तेवढं आठवडाभर पुरतं. आमचे पाळकसाहेब हातचं राखून बोलत नाहीत.

सकाळी चहा उकळेपर्यंत मोबाईलवर शास्त्रपाठ वाचतो. एखादी ओळ अडली तर घरातलं पंडिता रमाबाईंचं बायबलचं भाषांतर काढतो. हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावात बसून बाईंनी ते केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते छापून बाहेर आलं. भाषा इतकी साधी की आमच्या आजीला कधी अर्थ विचारावा लागला नाही.

बाकी मग तुम्ही बघता तेच. दुपारी लिचेसवर बुद्धिबळाचा एखादा झटपट डाव. ती साइट फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि सांगलीत बुद्धिबळ रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या जिल्ह्यात राहून बुद्धिबळ येत नाही म्हणायची सोय नाही. कुस्तीच्या रील्स तर न मागता येतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र पहिली नजर कोयना धरणावर. साठा किती टीएमसी, दरवाजे किती फुटांनी उचलले, विसर्ग किती क्युसेक, आणि मग सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी कुठवर आलं. ४० फूट इशारा, ४५ धोका. २०१९ ला ते ५७ च्या वर गेलं. तेव्हापासून हे आकडे पाठ नसलेला माणूस इथे शोधून सापडायचा नाही, मग तो देवळात जाणारा असो, मशिदीत की चर्चमध्ये.

प्रश्न : मुलगा घरूनच काम करतो. रात्री जेवण झालं की पुन्हा लॅपटॉप उघडतो. विचारलं तर म्हणतो, ‘दुसऱ्यांचा कोड वाचतोय’, आणि तेही फुकट. पगार नसलेलं काम रात्री बारापर्यंत कोण करतं? काही वेगळंच तर नसेल?
– एक आई, विटा

उत्तर : सलाम मावशी. करतात, पुष्कळ जण करतात. आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, उपासना यूट्यूबवर थेट दाखवायला आम्ही ओबीएस स्टुडिओ नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. त्याला एक रुपया द्यावा लागत नाही, कारण जगभरच्या अशाच लोकांनी रात्री जागून ते लिहिलंय. तुमचा मुलगा बहुधा त्या रांगेत जाऊन बसलाय. या धंद्यात आपण लिहिलेलं चारचौघांत दिसणं ही नोकरीच्या अर्जापेक्षा मोठी शिफारस असते, हेही लक्षात घ्या.

एकदा शेजारी खुर्ची ओढून बसा आणि त्याला स्क्रीन दाखवायला सांगा. काळ्या पडद्यावर काही ओळी लाल, काही हिरव्या दिसतील. लाल म्हणजे कुणीतरी काढलेली ओळ, हिरवी म्हणजे तिच्या जागी घातलेली. वर कुणी, कधी, कशासाठी बदललं ते लिहिलेलं असतं. हा सगळा हिशेब गिट नावाची यंत्रणा ठेवते, २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्सने ती लिहिली. रस असेल तर मुलगा दहा मिनिटं न थांबता समजावेल, आणि त्यावरूनच तुम्हाला काय ते कळेल.

काळजी करायची ती वेगळ्या खुणांवर. तुम्ही खोलीत आलात की स्क्रीन बदलते, बँकेचे मेसेज पुसले जातात, पगार झाल्या आठवड्यात हातउसने मागितले जातात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये कायद्यानेच बंदी आली, पण आडवाटा राहतातच. तसं काही दिसत नसेल तर बारा वाजता दिवा बंद करायला सांगा, एवढं पुरे. ते सांगायचा अधिकार कुठल्याही कंपनीपेक्षा तुमचा मोठा.

प्रश्न : आमच्या मंडळीची गायनं पूर्वी एका डीटीपीवाल्याने टाइप करून दिली होती. ती फाइल मोबाईलवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. कन्व्हर्टरमधून काढली तर मराठी येतं, पण प्रभूचं नाव ‘खि्रस्त’ असं उमटतं! तरुण संघाची मुलं हसतात. सगळं पुन्हा टाइप करावं लागेल का?
– मंडळीचे सेक्रेटरी, सातारा

उत्तर : नाही काका, पुन्हा टाइप करू नका. मात्र मूळ फाइलची एक प्रत बाजूला काढून ठेवा, मगच हात लावा.

डीटीपीच्या त्या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाला ‘ख’ ठाऊकच नसतो. फाइलमध्ये इंग्रजी अक्षराचा क्रमांक साठवलेला असतो आणि फॉन्ट त्याला ख चा मुखवटा चढवतो. मोबाईलवर तो फॉन्ट नाही, त्यामुळे मुखवटा गळतो. युनिकोड या जगभर चालणाऱ्या पद्धतीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत, म्हणून ते कुठेही नीट दिसतं.

आता नावाचा घोळ. जुन्या पद्धतीत जसं डोळ्याला दिसतं तसं टाइप करायचे : आधी पहिली वेलांटी, मग ख, मग खालचा र. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम चालतो : ख, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), र आणि त्यानंतर वेलांटी. कन्व्हर्टर वेलांटी उचलून लगेच ख नंतर ठेवतो आणि तिथेच थांबतो. पुढे र जोडलेला आहे हे त्याला उमगत नाही. म्हणून ख्रिस्ताबरोबर प्रिय, क्रिया, त्रिएक, सगळ्यांची तीच गत होते.

उपाय मिनिटाचा आहे. मजकूर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये घ्या, मी व्हीएस कोड वापरतो. फाइंडच्या चौकटीत त्या बिघडलेल्या शब्दातली ‘वेलांटी, हलन्त, र’ ही तीन चिन्हं टाका आणि रिप्लेसमध्ये ‘हलन्त, र, वेलांटी’. रिप्लेस ऑल. बरोबर लिहिलेल्या मराठीत वेलांटीनंतर लगेच हलन्त कधीच येत नाही, त्यामुळे चांगला शब्द बिघडायची भीती नाही.

याहून छुपा दोष ‘तारणाऱ्या’, ‘दुसऱ्या’ अशा शब्दांत असतो. त्यातला आडवा र दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकात खाली टिंब असलेला ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण संगणकाला वेगळे. उपासनेच्या मधोमध कुणी गायन सांगतं, तुम्ही शोधता, आणि समोर असूनही ते सापडत नाही. एकच तऱ्हा ठरवा, दुसरी सगळीकडे बदलून टाका.

रफारही एकदा तपासा, तो शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. त्यानंतर दोघांनी मिळून वाचायचं : एकाने छापील पुस्तकातून मोठ्याने, दुसऱ्याने स्क्रीनवर बोट ठेवून. हे काम कन्व्हर्टरवर सोडू नका. मुलं हसतात ना, त्यांनाच बसवा.

आणि फाइल सगळ्यांना पाठवण्याआधी हक्काचं बघा. आपल्याकडे रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांची गायनं खुशाल घाला. हयात कवीचं गायन असेल तर एक फोन करा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, न विचारल्याचं मात्र त्यांना लागतं.

प्रश्न : गायकमंडळाच्या सरावाला मोबाईलवरचा तानपुरा चालेल का? की मिरजेच्या माणसाला हे विचारणंच गुन्हा?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : गुन्हाच आहे. इथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तुम्ही ॲप विचारताय! पण सरावाला चालेल. खरा तानपुरा जुळवणारा माणूस प्रत्येक मंडळीत कुठून आणायचा?

अभंगाच्या चालीवरची गायनं असतील तर पहिली तार पंचमाला ठेवा, चालीत पंचमच नसेल तर मध्यमाला. ॲपमध्ये पट्टी इंग्रजीत असते : सी शार्प म्हणजे आपली काळी एक. अडचण येते ती चर्चमधल्या जुन्या हार्मोनियमची, तिचे सूर ॲपशी तंतोतंत जुळतीलच असं नाही. हार्मोनियमचा सा दाबून धरा आणि ॲपमधला बारीक सुराचा स्लायडर सरकवत राहा. दोन आवाज एकमेकांशी भांडून लहरतात, ती लहर थांबली की जुळलं. स्लायडरवरचा तो आकडा कागदावर लिहून हार्मोनियमच्या झाकणाला आतून चिकटवून टाका, म्हणजे तुम्ही गैरहजर असलात तरी पेटीवाल्याचं अडणार नाही.